प्रश्न त्याला, उत्तर माझं

डांबरगोळ्यांचा वास आला की माझा कोर्टातला गाढवपणा आठवतो: जज्जसाहेबांनी प्रश्न विचारला आरोपीला आणि उत्तर दिलं मी. शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या तिच्या चुलत्याला त्या दिवशी बीडला शिक्षा ठरायची होती. तिच्या आईच्या सोबतीला मी गेलते, तेही लग्नाला निघाल्यासारखी पेटीतलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं इरकल नेसून. "घरचाच माणूस, थोडक्यात सुटंल," असं सगळी भावकी म्हणत होती, आणि आम्हा दोघींना तीच धास्ती होती. साहेबांनी चुलत्याला विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" त्यानं तोंड उघडायच्या आत मीच ताडकन उठले, "मला सांगायचंय! घरचा हाय म्हणून कमी करू नका साहेब, घरचा हाय म्हणूनच वाढवा!" साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला विचारलेलं नाही. खाली बसा." शिक्षा लई मोठी झाली. पायऱ्या उतरताना माझी ऐट अशी, जणू निकाल मीच दिला! सरकारी वकीलबाई हसल्या, "मावशी, नात्यातला असला की गुन्हा जास्त मोठा धरतात, कायद्यातच आहे ते." झालं, माझं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी हे सगळं ऐकून ती पोरगी कितीतरी दिवसांनी हसली आणि म्हणाली, "मावशी, तिथं वरडल्या तसं एकदा वरडून दाखवा की."