पुसलेली टिकली

आता ऑफिसात कॉम्प्युटर आहे. तक्त्यात एक आकडा बदलला, की त्याच्या जिवावर उभे असलेले सगळे आकडे तो आपणच बदलतो. तक्ता फार मोठा झाला की मशीन रेंगाळतं, म्हणून पोरं हे आपोआपचं गणित बंद ठेवतात. मग पडद्याच्या तळाशी खूण येते, मांडणी बाकी असल्याची. ती दिसली की हातातलं काम टाकून मी आधी ती मांडणी पुरी करून घेतो.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात कारकून होतो. तिथला तक्ता टेबलभर पसरायचा. वर सुताची जाडी; खाली प्रत्येक मागाची एक रांग, चादरीला किती सूत लागावं आणि विणकराने किती जास्त वापरलं. वरचा आकडा बदलला की हेडक्लार्क खालच्या प्रत्येक शिळ्या घरात पेन्सिलीचा ठिपका देत. त्याला आम्ही टिकली म्हणायचो. नवा आकडा मांडायचा, मगच ती पुसायची.

"बाईची पुसू नये, तक्त्याची ठेवू नये," हेडक्लार्क म्हणायचे.

त्या दिवशी जाड सूत आलं होतं. नव्या बायकोला गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं कबूल केलेलं. एकाच मागाची रांग उरली होती. उद्या मांडू म्हटलं, आणि हेडक्लार्कनी सोडावं म्हणून टिकल्या तेवढ्या पुसून टाकल्या.

सकाळी मी पोचायच्या आत तक्ता मालकांपुढे गेला होता. जाड सुताने चादर जड झालेली, त्या एका रांगेत माप मात्र जुनंच. त्या मागावरचा भवानी पेठेतला तेलुगू विणकर चोर ठरला.

"सूत काय खाल्लं मी, मालक? उपीटात घालून?"

सगळे हसले. मीही हसलो.

हेडक्लार्क माझ्याकडे वळले. "टिकली होती का रे तिथं?"

"नव्हती."

खोटं कुठे बोललो?

त्याचा माग काढून घेतला. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. "क्लार्कसाब, तुमी एकदा परत बघा की. तुमचं गणित लई पक्कं हाय."

सगळे जेवायला गेल्यावर मी ती रांग मांडली. जादा सूत काहीच निघेना. मग खोडरबराने ते पुसलं आणि जुना आकडा होता तसा लिहिला.

त्याने सांगितलं तसं मी परत बघितलं होतं. एवढं त्याला सांगायचं राहिलं.