बापूसाहेबांच्या गाडीची थरथर

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, काढलेले जुने पार्ट आणि किस्से. पार्ट निदान भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? त्यात ती कापसाची वाईट वर्षं. जिनिंगचे ट्रक येईनासे झाले होते, लोक गाडी पार बंद पडेपर्यंत दामटायचे आणि यवतमाळबाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दुपारभर चहा चालायचा. आमच्या घरात सगळे कचेरीत टेबल सांभाळणारे, मीच एक डिझेलच्या वासावर भाळलेला निघालो! माझे भागीदार म्हणजे गुलाबभाऊ. साठीला टेकलेले हेडमिस्त्री, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारे.

* * *

गुलाबभाऊंचा एक नियम होता. मळकी गाडी रॅम्पवर चढणार नाही! आधी प्रेशर पंपाने खालून-वरून, चाकांच्या आतबाहेर धुवायची, मगच पान्याला हात. भिंतीवर त्यांनी स्वतः लाल रंगात लिहिलं होतं, ‘आधी आंघोळ’.

एकदा राळेगावकडचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. तक्रार एवढीच, की हॉर्न वाजत नाही. गुलाबभाऊंनी अख्खा ट्रॅक्टर धुवायला घेतला.

“भाऊ, मले परत वावरातच जायचं आहे ना!” तो कळवळला.

“मंग? जेवाले बसतानी हात धुतोस ना तू? का परत भरतेत म्हणून तसाच बसतोस?”

तो बिचारा ट्रॅक्टर वाळायची वाट बघत राहिला.

* * *

बापूसाहेब हे राळेगावकडचे मोठे शेतकरी. कापूस चांगला गेला त्या एका साली त्यांनी नागपूरच्या कुणा बिल्डरची जुनी विलायती एसयूव्ही घेतली. लेदरच्या सीटा, छताला काच, आणि सगळ्या पंचक्रोशीत तशी दुसरी नाही. मग एका पावसाळ्यात ती थरथरायला लागली.

“सत्तरच्या वर गेली का थरथरते. कधी थरथरते, कधी नाही,” बापूसाहेब म्हणाले.

“आज?”

“आज तं येतानी बत्तीशी वाजून राह्यली होती माही!”

गाडी धुतली. बॅलन्सिंग पाहिलं, टायर पाहिले, चौघं बसून बायपासवर शंभरपर्यंत पळवली. डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवला होता, त्यातलं पाणीसुद्धा हललं नाही! बापूसाहेबांचा चेहरा असा पडला, जणू दात दुखतो म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसल्यावर नेमका तो थांबावा.

* * *

असं आणखी दोनदा झालं. चौथ्या खेपेला बापूसाहेब साक्षीदार घेऊन आले. साक्षीदार म्हणजे काकू, त्यांच्या सौभाग्यवती!

“गुलाबभाऊ, तुमी याह्यले खोटं समजता काय?” काकू उतरल्या उतरल्या कडाडल्या. “माह्या पदराची पिन निघून पडली वाटेत!”

गाडी धुतली. काकूंना पुढच्या सीटवर बसवून पळवली. थरथर गायब! काकू थोडा वेळ विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, “इले तुमचं गॅरेज मानवते. इथंच राहू द्या!”

* * *

नागपूरच्या एका वर्कशॉपने त्याआधी इंजिनचं माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्ट हे दोन्ही महागडे पार्ट बदलून दिले होते, गाडी चकाचक धुऊन, पॉलिश करून. चार दिवसांत थरथर परत हजर. शेवटी मी ओळखीच्या एकाला लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन बोलावलं. त्याने तासभर वायरी जोडल्या आणि मान हलवली.

“काहीच फॉल्ट दाखवत नाही.”

“मलेही दिसत नाही, यालेही दिसत नाही,” गुलाबभाऊ म्हणाले. “मशीन माह्याच वयाची दिसते!”

आम्ही हसलो. ते मात्र हसले नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

* * *

कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला होता. तो तिकडे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर.

“बाबा, काम उरलं नाही इथं. आन् नव्या गाड्या आता हाताच्या राह्यल्या नाहीत. चला माह्या संग.”

गुलाबभाऊंनी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, “बापूसाहेबांची गाडी सापडू दे. दसऱ्यापर्यंत नाही सापडली, तं पान्यांची शेवटची पूजा करतो आन् येतो तुह्या संग.”

गुलाबभाऊ नसतील तर त्या शेडचं मी करणार काय होतो?

* * *

दसरा उजाडला. पाने, जॅक, हातोड्या पाटावर मांडल्या, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. प्रशांतची गाडी दारात उभी होती आणि डिकीत गुलाबभाऊंची बॅग. दुपारी निघायचं ठरलं होतं. तेवढ्यात बापूसाहेब हजर.

“वावरातून सरळ इकडंच आलो. राळेगावपासून थरथरून राह्यली!”

मी पंपाचं बटण दाबलं. लाइन गेलेली! टाकीही रिकामी.

“लाइन केव्हा येते?” गुलाबभाऊंनी विचारलं.

“तीनशिवाय नाही,” मी म्हणालो.

“आपण तं बारालेच निघून राह्यलो ना, बाबा,” प्रशांत हळूच म्हणाला.

गुलाबभाऊंनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं. चिखलाने बरबटलेल्या गाडीकडे पाहिलं. आणि उठले.

“चल. तशीच घे!”

वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही आंघोळीशिवाय गाडी तपासायला काढली. पन्नास, साठ, सत्तर... आणि स्टेअरिंग थडथडायला लागलं! आरशाला बांधलेली झेंडूची माळ नाचायला लागली. दुसरा कुणी घाबरला असता. गुलाबभाऊ मात्र मांडीवर थापा मारत ओरडले, “आली! आली रे बाप्पा, आली!”

शेडमध्ये परत येऊन चाक काढलं. रिमच्या आत, एकाच बाजूला, काळी माती वाळून बसली होती. चांगली वीतभर लांब आणि विटेसारखी टणक!

बापूसाहेब वावरात गेले की चिखल भरायचा, वाटेत वाळायचा, एका बाजूच्या वजनाने चाकाचा तोल जायचा आणि गाडी थरथरायची. आणि आम्ही? दर वेळी आधी दुखणं धुऊन टाकायचं आणि मग चार-चार तास शोधत बसायचं!

गुलाबभाऊंनी पेचकसाने ते ढेकूळ अख्खं सोडवलं. पाटावर, पान्यांच्या मधोमध ठेवलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, डोळे मिटून हात जोडले. बापूसाहेबांनीही जोडले. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू!

मग त्यांनी ते ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं आणि प्रशांतपुढे धरलं.

“माही बॅग उतरव,” ते म्हणाले. “तिच्या जागी हे ठेव.”