दुसरा भात इंग्रजीत

आसगावात इंग्रजी भाषा पोटातून शिरली, आणि ती शिरवली माझ्या मामीने. मामी सातवी शिकलेली, गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवणारी. तिचा कायदा एकच होता : "पहिला भात मराठीत भेटन, दुसरा इंग्रजीत." दुसऱ्या भाताला पोराने नुसतं ताट पुढे केलं की तिच्या हातातला डाव हवेतच थांबायचा, आणि तोंडातून इंग्रजी बाहेर पडल्याशिवाय खाली यायचा नाही. महिन्याभरात 'राईस प्लीज' कुणीही म्हणू लागलं. मग मामीने अख्ख्या वाक्याची अट घातली. एकदा दुसरीतल्या एका पोरीने डाळ चाखून सांगितलं, "मामी, टुडे सॉल्ट अ‍ॅबसेंट." मामीने मीठ घातलं आणि ते वाक्य दिवसभर गावाला ऐकवत फिरली. घरीही तोच कायदा, दुसऱ्या चहालासुद्धा. मामांनी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवसापासून चौकातल्या टपरीवर मराठीत चहा मागून प्यायला सुरुवात केली.

पोरांना शिकवायची वाक्यं ती माझ्याकडून न्यायची. मी जवळच्या पवनीला एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि डाळ बुडाला लागली हे इंग्रजीत कसं म्हणतात, असल्या प्रश्नांनी माझी एम.ए.ची पदवी घामाघूम व्हायची. गंमत अशी, की आसगावची पोरं एकेक करून आमच्याच शाळेच्या व्हॅनमध्ये बसत होती. अशीच गळती राहिली तर इथली शाळा बंद होईल, असं मास्तरांनी मामीला सांगितलं होतं. म्हणजे मामीची चूल माझ्या शाळेमुळे विझणार होती. त्यावर ती मला एका शब्दाने बोलली नाही. वाक्यं मात्र नेत राहिली.

त्या वर्षी तालुक्याला इंग्रजी बोलण्याची स्पर्धा झाली. माझा टाय लावलेला विद्यार्थी 'माय मदर' घडाघडा म्हणून गेला. परीक्षक बाईंनी इंग्रजीतच सहज विचारलं, काल शाळेत काय खाल्लंस? तो गडबडला आणि पुन्हा 'रिस्पेक्टेड टीचर्स'पासून सुरू झाला. मग आसगावची ती मिठावाली पोर उभी राहिली. तिलाही तोच प्रश्न. म्हणाली, "राईस अँड डाळ. डाळ व्हेरी थिन. मॅडम, यू एट?" बाई हसून नाही म्हणाल्या, तर हिने त्यांना शाळेत जेवायचं आमंत्रणच देऊन टाकलं. दोघी चांगल्या पाच मिनिटं गप्पा मारत होत्या. पोरीचा पहिला नंबर आला तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे बघताहेत हे मग लक्षात आलं. मामी मात्र फणफणलेली. एवढ्या लोकांत डाळ पातळ होती हे काहून सांगितलं, म्हणून.

पुढच्या जूनमध्ये चार पोरं व्हॅन सोडून परत आली. फार नाहीत, पण शाळा टिकली.

एकदा मी तिला विचारलं, हे वेड तू घेतलंस कुठून? ती सुपात तांदूळ निवडत होती. खाली बघतच म्हणाली, "माह्या बापाले नागपूरले दवाखान्यात भरती केलं होतं. खाटेपाशी दोन डाक्टर इंग्रजीत बोलून राहिले होते. मी मधात उभी. मले एवढंच इचाराचं होतं, का याले घरी नेता येईन का नाई."

मी सूप थोडं माझ्याकडे ओढलं आणि तिच्यासोबत खडे निवडत बसले.