घरघंटी आणि माझी ॲल्युमिनियमची वायर

चाकणच्या एका कंपनीत मी नट आवळतो. लाइनवर गाडी पुढे सरकत येते, मी चार नट ठरलेल्या जोराने आवळतो आणि प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ ओढतो. रेघ ओढली म्हणजे नट पक्का, त्याची काळजी संपली. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं, की जगात जे काही बिघडतं ते कुणीतरी नीट न आवळल्यामुळेच. मला तरी तसंच वाटायचं.

चिखलीत आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा वायरिंग मीच केलं. भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या वायरीचं अख्खं रीळ मिळालं होतं, अगदी कोरं. जो तो सांगायचा, घरात तांब्याचीच घाला. मी प्रत्येकाला बाहेर नेऊन विजेचा खांब दाखवायचो. "वर बघा राव. ती तार कशाची? ॲल्युमिनियमची. तसल्याच तारेवर अख्खं चाकण चालतं, माझे दोन पंखे चालणार नाहीत?" यावर जो तो मान डोलावून निघून जायचा. मला वाटायचं, पटलं. खरं तर उन्हात मान वर करून उभं राहायचा त्यांना कंटाळा यायचा.

थोड्याच दिवसांत दिवे लुकलुकायला लागले. बोर्ड उघडला तर स्क्रू सैल. आवळले, पिवळी रेघ ओढली. पंधरा दिवसांनी परत सैल. मग दर रविवारी मेन स्विच पाडायचा, घरातला एकूण एक बोर्ड उघडायचा आणि एकूण एक स्क्रू आवळायचा, हा आमचा कुळाचारच झाला. लोक रविवारी मटण आणतात, आम्ही पंख्याविना घाम पुसत बसायचो. बायको पदराने वारा घेत एवढंच विचारायची, "झालं का आवळून?"

अशात बायकोने घरघंटी घेतली. आम्ही लातूरकडचे, भाकरीशिवाय घास उतरत नाही, आणि गल्लीत निम्मे आमच्यासारखेच. गिरणीत गव्हावर ज्वारी दळून देतात म्हणून सगळ्यांची कुरकुर. बायकोने ठरवलं, आपण फक्त ज्वारी-बाजरी दळायची. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं काहीतरी सुरू होत होतं, आणि ते सगळं माझ्या वायरीच्या भरवशावर. पहिल्याच दिवशी घरघंटी लावली तर दिवे मंदावले आणि बोर्डातून जळकट वास आला. मी म्हणालो, "थांब, आवळतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की तिला पटलं, असं मी लग्नाला सोळा वर्षं होऊनही धरून चालतो.

त्यानंतर चार महिने घरघंटी बिनबोभाट चालली. शिफ्ट कुठलीही असो, मी कंपनीत असतानाच ती दळून घ्यायची. मी आलो की पिठाचे डबे ओळीने तयार. मी लाइनवर छाती फुगवून सांगायचो, "रोज घरघंटी चालते माझ्या ॲल्युमिनियमवर!"

एके दिवशी पार्ट आले नाहीत म्हणून कंपनीने आम्हाला जेवणाआधीच सोडलं. गल्लीत शिरलो तर घरघर ऐकू आली. अंगावर मूठभर मांस चढलं. आत आलो. बायको पिठाने पांढरी होऊन घरघंटीपाशी उभी, मला बघून जागीच थिजली. पंखा बंद होता. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागेना. मेन स्विच पाहिला तर खाली पाडलेला. आणि घरघंटी मात्र जोरात चालू. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं, आपलं वायरिंग इतकं भारी की त्याला विजेचीही गरज नाही.

मग घरघंटीची वायर दिसली. ती माझ्या बोर्डाकडे वळलीच नव्हती. खिडकीतून बाहेर, कुंपणाच्या भिंतीवरून थेट शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघरात गेली होती. मीही तिच्यामागून गेलो. मावशी मूळच्या चिखलीच्याच, त्यांना कुणाची भीड नाही.

"मावशी, हे कधीपासून?"

"चार म्हैनं झालं की. ती मला दळन फुकाट देती, मी तिला लाइट देती. घरघरीत तुमचा बोर्ड जळाया लागला तर कळायचं न्हाई म्हनून मेन पाडून ठिवती बिचारी."

"अहो, दर रविवारी आवळतो मी तो!"

"त्येच तर! माझा दीर वायरमन हाय, त्यानं बघितलाय उघडून. म्हनला, ही तार कनकेवानी मऊ. आवळली की दबती, दबली की सैल पडती, मंग तापती. ह्यो भाऊ आवळून आवळून तिचा पापड करतोय."

घरी येऊन बोर्ड उघडला. पिवळ्या रेघांवर पिवळ्या रेघा, आणि खाली चपटी, काळी पडलेली वायर. बोट लावलं तर तुकडा हातात आला. याच भिंतीला टेकून पोरं अभ्यासाला बसायची. आणि मी कंपनीत बढाया मारत होतो.

पुढच्या रविवारी मावशींच्या दिराने घरभर तांब्याची वायर ओढली. मी शिडी धरली. बाकी कशाला हात लावायची मला परवानगी नव्हती. संध्याकाळी घरघंटी आमच्या बोर्डावर लागली आणि दिवा जरासुद्धा हलला नाही. बायको हसली. ते बघून मी धीर करून विचारलं, "चार महिने मला सांगितलं का नाहीस?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "सांगून काय झालं असतं? तुम्ही आणखी आवळलं असतं."

खरंच आवळलं असतं.