जवळ्याचा डबा

सुका जवळा तव्यावर पडला की मला माथेरान आठवतं. अंधेरीच्या बाजारात जन्मभर मासळी विकलेल्या आजीने त्या मे महिन्यात लेकी, सुना, नातवंडं, सगळ्यांना हौसेने तिथे नेलं होतं. हॉटेलच्या व्हरांड्यात तिने भाकरी आणि जवळ्याचा डबा उघडला, तशी शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला आणि मॅनेजर धावत आला. "आजी, हे इथे चालत नाही. बाहेर टाका." बाजारात कुणाचं म्हणून ऐकून न घेणारी आजी हात जोडून म्हणाली, "चुकलं रे बाला." डबा तिने लाल मातीत रिकामा केला. मग बेसिनपाशी कितीतरी वेळ ती साबणाने हात धूत होती, हुंगत होती, पुन्हा धूत होती. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत अजून मला कुणी काही बोललेलं नाही. तरी जवळा भाजण्याआधी मी सगळ्या खिडक्या लावून घेते.