आतेच्या भावाची निवडणूक

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आमच्याच इमारतीत, दोन जिने वर, एक फिलिपिनो बाई राहते. लायडनच्या सायन्स पार्कमधल्या ज्या लॅबमध्ये मी नमुने नोंदवायचं काम करते, तिथंच ती टेक्निशियन आहे. आमचं जाणं-येणं ट्रेननं, सोबतच. वयानं ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, त्यामुळे हाक मारताना माझ्या तोंडाला वेगळं वळण द्यावं लागलं नाही.

तिचा धाकटा भाऊ गावाकडे सरकारी शाळेत मास्तर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "माझा भाऊ महापौरपदाला उभा राहतोय."

मी अभिनंदन केलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"समोर कोण आहे विचार की आधी."

समोर गव्हर्नरची सून होती. गव्हर्नर म्हणजे तिच्या प्रांताचा निवडून आलेला प्रमुख. त्याच्याआधी त्याचा बाप त्याच खुर्चीत होता. लागोपाठ किती वेळा उभं राहायचं याला तिथं कायद्यानं मर्यादा आहे, म्हणून मधली एक मुदत गव्हर्नरची बायको बसली आणि मग पुन्हा तो. मुलगा संसदेत. बस त्यांच्या, धक्क्यावरच्या बोटी त्यांच्या, रेडिओ स्टेशन त्यांचं आणि गावातलं एकुलतं एक मोठं हॉस्पिटलही त्यांचंच.

"त्यांना शिव्या द्यायला सभेला गेलीस ना, तरी घरी परत त्यांच्याच बसनं यावं लागतं," आते म्हणाली.

शाळेमागच्या डोंगरावर त्यांची खडीची खाण होती. पावसात गाळ वर्गात शिरायचा. भावानं अर्ज केले, पालकांच्या सह्या घेतल्या, काही झालं नाही. तेव्हा तो उभा राहिला. उभं राहायचं तर सरकारी नोकरी सोडावी लागते, ती त्यानं सोडली.

पुढचे दोन-तीन महिने आमच्या गाडीतल्या गप्पा म्हणजे फक्त ही निवडणूक. गावातल्या दोन्ही छापखान्यांनी त्याची पोस्टरं छापायला नकार दिला, म्हणून आतेनं ती इथून संगणकावर तयार करून पाठवली आणि त्यानं लांबच्या शहरातून छापून आणली. रेडिओवर त्याचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. आतेला स्वतःला मत देता येत नव्हतं. परदेशातून फक्त देशपातळीवरच्या पदांसाठी मतदान असतं. "राष्ट्राध्यक्ष निवडता येतो मला, गावचा महापौर नाही," ती म्हणायची. चर्चमध्ये भेटणाऱ्या तिच्या गावच्या बायकांना ती सांगत सुटली होती, की घरी फोन करा, आईवडिलांना सांगा. बायका हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. एकीनं स्पष्ट सांगितलं, "माझा नवरा त्यांच्या बोटीवर आहे, आते. मला यात ओढू नकोस."

तो हरला. नुसता हरला नाही, त्याच्या स्वतःच्या गल्लीतही मागे पडला. मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरोघर तांदळाची पोती गेली होती. आतेच्या सख्ख्या मावशीनंही ती घेतली होती.

मला वाटलं, झालं, संपलं. पण खरं तर त्यानंतरच सुरू झालं. शाळेनं त्याला परत घेतलं नाही. खाजगी शाळांमध्ये जागा असायच्या, त्याचं नाव कळलं की भरलेल्या असायच्या. त्याच सुमारास त्यांच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीन त्याच हॉस्पिटलात. आते जमेल तेवढं पाठवत होती, पण ते पुरणारं नव्हतं. तिथं अशा वेळी लोक पुढाऱ्याच्या कचेरीत जाऊन एक पत्र आणतात. 'यांचा खर्च आम्ही बघतो' असं पत्र. सरकारी पैशातूनच होतं ते, पण सही महापौरबाईंची, म्हणजे निवडून आलेल्या त्या सुनेची लागते.

भाऊ महिनाभर गेला नाही. मग गेला.

त्या दिवशी कँटीनमध्ये आतेनं फोन माझ्यासमोर सरकवला. फोटोत महापौरबाई हसत होत्या. शेजारी तिचा भाऊ, अंगात त्या घराण्याच्या पक्षाच्या रंगाचा टी-शर्ट, हातात पत्र. सकाळपासून बाहेर बसवून ठेवलं होतं आणि टी-शर्ट घातल्यावरच आत सोडलं होतं. खाली शेकडो लोकांनी बाईंच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं होतं.

"मी त्याला फोन केला," आते म्हणाली. "विचारलं, लाज नाही वाटली? तो म्हणाला, बाबा आज जेवले."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी माझ्या वडिलांबद्दल बोलले, जे मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या तालुक्यातही साखर कारखाना, बँक, दूध संघ आणि कॉलेज एकाच घराकडे. वडील त्या कॉलेजात प्राध्यापक. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो साहेबांच्या चिठ्ठीवर. आम्ही पेढे घेऊन बंगल्यावर गेलो होतो आणि मी वाकून नमस्कार केला होता.

"बदल्यात तुझ्या वडिलांनी काय दिलं?" आतेनं विचारलं.

"काही नाही. म्हणजे, निवडणुकीत वर्गातली पोरं प्रचाराला न्यायचे. एकदा एका सहकाऱ्याला काढून टाकलं, तेव्हा गप्प बसले."

"आणि तू?"

"मी इथं आले."

ती हसली नाही. ट्रे उचलून निघून गेली.

सहा महिन्यांनी तिचे वडील गेले. रजा आणि तिकीट जमेपर्यंत दफन उरकलं, ते तिनं माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून फोनवर पाहिलं. मांडव, खुर्च्या, कॉफी, सगळं महापौरांच्या कचेरीकडून आलं होतं. शवपेटीच्या वर फलक होता. त्यावर बाईंचं नाव वडिलांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. बाई आल्या, आतेच्या आईला मिठी मारली, आणि आई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आतेनं फोन पालथा घातला. माझा नवरा चहा घेऊन आला, तो तसाच निवला.

पुढच्या निवडणुकीत तिचा भाऊ पुन्हा उभा राहिला, या वेळी नगर परिषदेसाठी, बाईंच्या पॅनेलमधून. आरामात निवडून आला. खाण वाढवण्याचा ठराव आला तेव्हा त्यानं बाजूनं हात वर केला. शाळा आता दुसरीकडे हलवणार आहेत, नवी इमारत गव्हर्नरच्या भावाची कंपनी बांधणार आहे.

हे तिनं मला लायडन स्टेशनवर, सायकलचं कुलूप काढताना सांगितलं. मी विचारलं, "बोलतेस का त्याच्याशी?"

"रविवारी. आई त्याच्याकडेच राहते ना." तिनं पिशवी हँडलला अडकवली. "दोघंही हवामानाबद्दल बोलतो. तिकडे ऊन फार आहे म्हणतो."