खुंटीत अडकलेला कापूस

दोंडाईचाला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी. नानांचा हात लागला की मोटार फिरतेच, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो. आता दुकान बंद आहे. खरं काय ते लिहून ठेवतो.

या उन्हाळ्यात पुण्याहून नात आली. भाव वाढेल या आशेने शेतातला कापूस अजून पुढच्या खोलीतच पडून होता. त्या ढिगावर लोळत ती हातातला व्हिडिओ गेम खेळायची. एके दिवशी गेममधला माणूस आपोआप डावीकडे पळायला लागला. गडी फिरवायच्या खुंटीवरून, म्हणजे जॉयस्टिकवरून, बोट काढलं तरी थांबेना. नाना करून देतील, असं तिने आईला फोनवर सांगूनही टाकलं आणि शेजारी खेळायला गेली. झालं, माझी इभ्रत पणाला लागली.

मी बारीक स्क्रू काढले, बॅटरी काढून पुन्हा बसवली. गडी डावीकडेच. मग ठरवलं, कूलरपुढे राहून दमट झाला असणार. आमच्या घरात दमट वस्तूला इलाज एकच. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी गेम ठेवून आलो.

थोड्या वेळाने बायको तो पदरात धरून, अहिराणीत करवादतच खाली आली. "हाई काय पापड शे? बॅटरी फुगी जाई ना!"

ती खिडकीशी बसली. खुंटीची रबरी कड सुईने उचलली. आत कापसाचे तंतू बुंध्याला घट्ट गुंडाळले होते, म्हणून खुंटी मध्यावर परतत नव्हती. वाती वळणारी तिची बोटं. तिने ते तंतू सुईच्या टोकावर अलगद ओढून घेतले. गडी थांबला. गेम माझ्या हातात देऊन ती भाकरी टाकायला गेली.

तेवढ्यात नात आली. "नाना, तुम्ही केलं?"

मान हलणारच होती. सवय तशीच होती. पण म्हणालो, "मी नाही, आजीने."

ती हसली. आजीला टीव्हीचा रिमोटही येत नाही म्हणे.

"येतो की," स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुझे नाना तो हातातून सोडतील तेव्हा."

मग मी नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. माझ्या बोटांत तांब्याची बारीक तार तुटायची. मिक्सरची, पंख्याची नाजूक गुंडाळी दुकानामागच्या खोलीत आजीनेच भरली. पाटीवर नाव माझं, हात तिचा. सांगताना लाज वाटली, पण छाती मात्र फुगली होती. असा हात आख्ख्या तालुक्यात कुणाचा नव्हता, हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होतो.

परवा शेजारीण बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात आली. नाना आहेत का, असं तिने विचारलं. मी तिला खुर्ची दिली.

"बसा. ती भाकऱ्या आटोपून येतेच."